सायकलचा रडार-दिवा: दहा महिन्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

गेले १० महिने माझ्या सायकलच्या सीटखाली रडार असलेला मागचा दिवा बसवलेला आहे. घर ते कार्यालय हे ११ किलोमीटरचे अंतर मी आठवड्यातून पाच दिवस सायकलने कापतो आणि जाता-येता दोन्ही वेळा, लख्ख उजेड असला तरी, हा दिवा चालू असतो. याच रस्त्यांवरून मी मोटारही चालवतो. त्यामुळे मागून येणारी मोटार सायकलस्वाराला कशी भासते आणि पुढे चाललेला सायकलस्वार मोटारीच्या काचेतून कसा दिसतो, हे दोन्ही अनुभव माझ्या गाठीशी आहेत. अशा दिव्यांच्या जाहिराती सायकलस्वाराच्या सुरक्षिततेबद्दल भरपूर बोलतात. मला मात्र वस्तू हातात घेतल्यापासून एकाच प्रश्नाचे उत्तर हवे होते. एकाच रस्त्यावरून जाणाऱ्या या दोघांना हा दिवा एकमेकांबद्दल काही कळवतो का, की तो केवळ सायकलस्वाराच्या मनाला धीर देतो?

वस्तूची ओळख आधी करून देतो. सायकलच्या मागे रडार लावण्याची कल्पना बाजारात आणली ती स्वीडनमधील गोथेनबर्गच्या आयक्युबू या छोट्या कंपनीने. तिने २०१४ मध्ये बॅकट्रॅकर या नावाने हे यंत्र लोकांसमोर ठेवले आणि त्यासाठी लोकांकडूनच आगाऊ रक्कम गोळा करण्याचा प्रयत्न केला. २०१५ च्या सुरुवातीला गार्मिन या दिशादर्शक यंत्रे बनवणाऱ्या कंपनीने ही छोटी कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी व्हॅरिया या नावाने पहिला रडार-दिवा बाजारात आला. आज इतरही अनेक कंपन्या असे दिवे बनवतात. तत्त्व सगळ्यांचे एकच असल्यामुळे पुढचे बहुतेक मुद्दे कोणत्याही बनावटीच्या दिव्याला लागू पडतील. म्हणून माझ्याकडचे यंत्र कोणाचे, हे न सांगता लिहितो आहे.

दिसायला हा दिवा साध्या मागच्या दिव्यापेक्षा थोडा लांब, हाताच्या अंगठ्याहून जाड आणि हातात घेतल्यावर भरीव वाटणारा आहे. वरच्या अर्ध्या भागात लाल दिवा आणि खालच्या अर्ध्या भागात रडार अशी त्याची रचना आहे. रडार मागच्या दिशेने लहरी सोडते आणि परतलेल्या लहरींच्या वारंवारतेत झालेल्या बदलावरून कोणती वस्तू किती वेगाने जवळ येते आहे, हे ओळखते. शाळेत रेल्वेच्या शिट्टीचे उदाहरण देऊन शिकवतात तो डॉप्लर परिणाम तो हाच. झाडे, विजेचे खांब, उभी वाहने या गोष्टी पुढे जाणाऱ्या सायकलपासून दूर जात असतात, म्हणून यंत्र त्यांना वगळते. जे जवळ येते आहे तेवढेच ते सांगते. हँडलवरच्या छोट्या डिस्प्लेवर किंवा मोबाईलवर एका कडेला उभी पट्टी दिसते. मागचे वाहन त्या पट्टीवर ठिपका म्हणून उमटते आणि जसजसे जवळ येते तसतसा ठिपका वर सरकतो. रस्ता मोकळा असला की पट्टी हिरवी, वाहन येत असले की पिवळी, आणि ते फार वेगाने येत असले की लाल होते. पहिला ठिपका उमटताना एक बारीक बीप ऐकू येते.

या यंत्रांचा पल्ला साधारण १४० मीटरचा सांगितला जातो आणि सरळ रस्त्यावर मला तो खरा वाटला. या आकड्याचा अर्थ वेळेत मोजला तरच नीट समजतो. मी ताशी २० किलोमीटर वेगाने जात आहे आणि मागची मोटार ताशी ५० ने येत आहे असे धरले, तर आमच्या वेगांतला फरक ताशी ३० किलोमीटरचा, आणि १४० मीटरचे अंतर मिटायला सुमारे १७ सेकंद लागतात. मोटार ८० ने येत असेल, तर हाच अवधी साधारण ८ सेकंदांवर येतो. पुढचा खड्डा आत्ता चुकवायचा की थांबून, उभ्या टेम्पोला वळसा घालायचा की त्याच्या मागे वेग कमी करायचा, हे ठरवायला १७ सेकंद भरपूर आहेत आणि ८ सेकंदही पुरतात.

रुंद, सरळ आणि वेगवान वाहतुकीच्या रस्त्यावर या दिव्याला तोड नाही, असे मी मनापासून म्हणतो. माझ्या वाटेत असा साधारण ४ किलोमीटरचा पट्टा आहे. तिथे समोरून वारा असला की कानात केवळ त्याचाच घोंघाट भरतो आणि मागची मोटार अगदी खांद्याशी येईपर्यंत ऐकू येत नाही. त्यात विजेवर चालणाऱ्या मोटारींची भर पडली आहे. युरोपीय संघात २०२१ पासून प्रत्येक नव्या विद्युत मोटारीने ताशी २० किलोमीटर वेगापर्यंत कृत्रिम आवाज करणे बंधनकारक आहे. त्यापुढे टायरच्या आवाजावरच भिस्त असते, आणि वाऱ्यात तोही विरून जातो. रडारला वाऱ्याचे आणि इंजिनाच्या आवाजाचे काही देणेघेणे नाही. त्या पट्ट्यात पूर्वी दर मिनिटाला मान वळवून मागे पाहणे आणि प्रत्येक वेळी सायकल किंचित भरकटणे ठरलेले होते. ताशी २० च्या वेगाने मागे पाहण्यात एक सेकंद गेला, तरी साडेपाच मीटर रस्ता न पाहता कापला जातो. आता हिरवी पट्टी दिसत असताना नजर समोर राहते आणि बीप वाजली की मी आधीच सरळ रेषा धरतो. मागच्या चालकाच्या दृष्टीनेही हे मोलाचे आहे, कारण सायकल कोणत्या रेषेत जाणार हे त्याला दुरूनच कळते. मोटार चालवताना मला सर्वांत जास्त ताण येतो तो अशा सायकलस्वाराचा, जो मी अगदी जवळ पोहोचल्यावर दचकतो आणि नेमका त्याच क्षणी डगमगतो. दचकणे थांबले, तर ओव्हरटेक करताना होणारी अर्धी तारांबळ थांबते.

मात्र या ४ किलोमीटरनंतर माझा रस्ता अरुंद होतो, दोन्ही कडांना वाहने उभी असतात आणि दर दोन-तीनशे मीटरवर सिग्नल लागतो. तिथे यंत्राचे सारे गुण गळून पडतात. मागे एकाच वेळी पाच-सहा वाहने असतात, पट्टीवर ठिपक्यांची रांग लागते, बीप सतत वाजते आणि ऐकणाऱ्याच्या मनातला तिचा अर्थ संपतो. दुसऱ्या आठवड्यातच मी त्या भागापुरता आवाज बंद करू लागलो. हा यंत्राचा दोष म्हणता येणार नाही. जिथे मागे कोणी ना कोणी असतेच, तिथे मागे कोणीतरी आहे ही बातमी निरुपयोगी ठरते.

याहून गंभीर गोष्ट एका संध्याकाळी लक्षात आली. वाहतूक संथ होती. एका दुकानासमोर उभ्या असलेल्या व्हॅनला वळसा घालण्यासाठी मला रस्त्याच्या मध्याकडे सरकायचे होते. डिस्प्लेवर पाहिले, पट्टी हिरवी होती, एकही ठिपका नव्हता. हँडल वळवण्याआधी जुन्या सवयीने मान मागे गेली, आणि पाठीमागे जेमतेम ३ मीटरवर एक निळी मोटार होती. ती बराच वेळ माझ्याच वेगाने माझ्या मागून येत होती. चालक सभ्य माणूस होता, हॉर्न न वाजवता थांबून राहिला होता. आणि नेमक्या त्या सभ्यपणामुळेच तो रडारच्या नजरेतून निसटला होता, कारण आमच्या वेगांत फरक उरला नव्हता आणि फरकच नसेल, तर रडारला ते वाहन जवळ येताना दिसत नाही. त्या क्षणी हिरव्या पट्टीवर विसंबून मी सरकलो असतो तर काय झाले असते, याचा विचार पुढे अनेक दिवस मनात घोळत राहिला. माहितीपुस्तिकेत ही मर्यादा लिहिलेली आहे, पण ती बारीक अक्षरांत न देता पहिल्या पानावर ठळक छापायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. हिरव्या रंगाचा अर्थ ‘मागे कोणी नाही’ असा होत नाही. ‘मागून कोणी वेगाने येत नाही’ एवढाच होतो. या दोन वाक्यांत, शहराच्या रस्त्यावर, हाड मोडण्याइतका फरक आहे.

वळणांवरही असेच होते. रडार सरळ रेषेत पाहते. रस्त्याने कुशी बदलली की वळणापलीकडचे वाहन त्याला उशिरा दिसते आणि १७ सेकंदांचा अवधी ४-५ सेकंदांवर येतो. पुलाच्या चढावर माथा ओलांडल्यानंतरही मला हाच अनुभव आला.

हे झाले सायकलस्वाराला काय कळते त्याबद्दल. चालकाला काय कळते हे पाहण्यासाठी मी एका रविवारी सकाळी, रस्ते मोकळे असताना, सायकल धाकट्या बहिणीकडे दिली आणि स्वतः मोटार घेऊन तिच्या मागे निघालो. हा दिवा एरवी मंदपणे स्थिर जळत असतो. मागे वाहन आल्याचे रडारला कळले की तो प्रखर होतो आणि काही क्षण वेगाने लुकलुकतो. विक्रेत्याने याचे वर्णन ‘दिवा चालकाशी बोलतो’ असे केले होते. मोटारीच्या काचेतून पाहताना हा बदल मला खरोखरच जाणवला. पुढे लांबवर एक लाल ठिपका होता, मी वेग वाढवला आणि तो ठिपका एकाएकी जागा झाल्यासारखा उजळला. माझा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उचलला गेला. आम्ही हा प्रयोग सात-आठ वेळा केला. पहिल्या दोन-तीन वेळा परिणाम तीव्र होता. नंतर सवय झाली, तरी नजर तिकडे वळायची ती वळायचीच. सूर्य समोरून डोळ्यांवर येत असताना मात्र तो बदल जवळजवळ लपला. काच थोडी धुळकट होती आणि बहिणीची आकृतीच मला अगदी जवळ गेल्यावर नीट दिसली.

थांबल्यावर तिला विचारले, तर ती म्हणाली, “दादा, तू मागून आलास ते मला प्रत्येक वेळी कळलं. पण तू मला पाहिलंस का, हे कुठे कळलं?”

या वस्तूबद्दल याहून नेमके वाक्य मला अजून सापडलेले नाही. दिवा चालकाला सायकलस्वाराची जाणीव करून देतो आणि रडार सायकलस्वाराला चालकाची. परंतु ‘मी तुला पाहिले आहे’ ही पोच दोघांपैकी कोणालाच मिळत नाही. ती पोच मिळण्याचा रस्त्यावरचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे मागे वळून पाहणे. सायकलस्वाराची मान वळली, खांदा फिरला, नजरेला नजर भिडली की मागच्या चालकाला कळते की हा माणूस आता काहीतरी करणार आहे, आणि त्याने वेग कमी केला की सायकलस्वाराला कळते की वाट मिळाली. त्याच सकाळी आम्ही उलटा प्रयोगही केला. बहिणीने दिवा बंद ठेवून केवळ मागे पाहिले आणि हात दाखवला. मोटारीतून मला त्याचा अर्थ दिव्यापेक्षा लवकर आणि निःसंदिग्ध कळला. दिव्याच्या लुकलुकण्यात इशारा असतो, पण इरादा नसतो. तो हातात आणि मानेत असतो.

दिसणे आणि जागा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तर संशोधनातूनही पुढे आले आहे. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाचे इयन वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सायकलस्वाराने सात वेगवेगळे पोशाख घालून, सायकलवर बसवलेल्या अंतरमापकाने, ओव्हरटेक करणारी वाहने किती जवळून जातात ते मोजले. चमकदार जाकीट असो वा साधे कपडे, अंतरात विशेष फरक पडला नाही. पोलीस असा उल्लेख आणि चित्रण चालू असल्याची सूचना लिहिलेल्या बंडीने तेवढा फरक पडला. आणि पोशाख कोणताही असला, तरी १ ते २ टक्के चालक ५० सेंटीमीटरहून कमी अंतरावरून गेलेच. माझ्या १० महिन्यांच्या अनुभवाशी हे तंतोतंत जुळते. बहुतेक चालक पूर्वीही पुरेशी जागा सोडत होते, आताही सोडतात. अगदी खेटून जाणारे थोडे होते, ते आजही तेवढेच आहेत, आणि त्यांना हा दिवा दिसत नव्हता असे मानायला मला काही आधार दिसत नाही. रडारचीही इथे एक मूलभूत मर्यादा आहे. वाहन किती दूर आहे आणि किती वेगाने येत आहे ते त्याला कळते. ते बाजूने १ मीटर सोडून जाणार आहे की हँडलला घासून, हे कळत नाही. जर्मनीत २०२० पासून शहरात सायकलला ओव्हरटेक करताना किमान दीड मीटर आणि शहराबाहेर २ मीटर अंतर ठेवण्याचा नियम आहे. ते अंतर पाळले जाते की नाही, ते हा दिवा आधी सांगू शकत नाही आणि नंतर सिद्धही करू शकत नाही. काही बनावटींत दिव्यासोबत कॅमेराही येतो. तो झाल्या घटनेचा पुरावा देतो. घटना टाळण्याचे काम त्याचे नाही.

चौकाबद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवे, कारण शहरात जिवावर बेतणारे प्रसंग बरेचदा चौकातच येतात आणि तिथे या वस्तूचा उपयोग शून्य आहे. सिग्नलला ट्रक उभा आहे, त्याच्या कडेच्या मोकळ्या जागेतून सायकल पुढे सरकते, सिग्नल सुटतो आणि ट्रक त्याच कडेला वळतो. केबिनमधल्या चालकाला आपल्या दाराखालची आणि पुढच्या कोपऱ्यातली सायकल दिसतच नाही. यात कोणीही मागून वेगाने येत नाही, म्हणून रडार गप्प राहते. या प्रसंगावरचा इलाज सायकलवर नसून ट्रकवर आहे. युरोपीय संघाने अवजड वाहनांच्या नव्या नमुन्यांसाठी जुलै २०२२ पासून आणि सर्व नव्या अवजड वाहनांसाठी जुलै २०२४ पासून कडेच्या सायकलची सूचना चालकाला देणारी यंत्रणा बंधनकारक केली आहे. माझ्या मते रडारची योग्य जागा हीच आहे: ज्याच्या हातून जास्त इजा होऊ शकते, त्याच्या वाहनावर. तोपर्यंत सायकलस्वाराने उभ्या ट्रकच्या कडेला शिरू नये, मागे थांबावे, आणि चालकाचा चेहरा त्याच्या आरशात दिसत नसेल तर त्यालाही आपण दिसत नाही असे समजावे. हे मी मोटारचालक म्हणूनही कळकळीने सांगतो.

उभ्या मोटारीचे दार अचानक उघडणे हाही असाच प्रसंग. धोका पुढे असतो आणि रडार मागे पाहत असते. मात्र अप्रत्यक्ष फायदा इथे मला झाला आहे. मागचा रस्ता मोकळा असल्याचा अंदाज असल्यामुळे मी, एकदा मान वळवून खात्री केल्यावर, उभ्या मोटारींपासून दाराच्या रुंदीइतके अंतर राखून निर्धास्तपणे चालू शकतो. पूर्वी मागून कोणी येईल या धास्तीने नकळत त्यांच्या कडेला चिकटत असे. मोटारीत बसणाऱ्यांसाठीही एक सोपी सवय आहे: दार त्याच्या जवळच्या हाताने न उघडता दूरच्या हाताने उघडावे, म्हणजे अंग आपोआप वळते आणि नजर मागे जाते. ब्रिटनच्या हायवे कोड या वाहतूक-नियमांच्या पुस्तिकेत २०२२ साली हा सल्ला समाविष्ट झाला. यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.

दिवा म्हणून ही वस्तू कशी आहे, तेही पाहू. प्रखरता उत्तम आहे. दिवसा लुकलुकताना तो दुरूनही नजरेत भरतो. रात्री मात्र मी लुकलुकणे बंद ठेवतो. लुकलुकणारा दिवा लक्ष वेधतो हे खरे, पण काळोखात मागून येणाऱ्या चालकाला त्यावरून अंतराचा अंदाज बांधणे अवघड जाते. स्थिर दिव्याचा पाठपुरावा नजर सहज करते. जर्मनीत तर सायकलवर लुकलुकणारा दिवा नियमांत बसतच नाही आणि तिथल्यासाठी कंपन्या वेगळा नमुना बनवतात. रात्रीच्या वापरासाठी आणखी एक साधी गोष्ट मी या दिव्याइतकीच महत्त्वाची मानतो: घोट्याभोवती बांधायचा परावर्तक पट्टा. पॅडल मारताना तो वर-खाली होतो आणि ती हालचाल माणसाच्या पायाची आहे हे चालकाच्या मेंदूला तत्काळ उमगते. एकटा लाल ठिपका सायकलचा आहे, दुरून जाणाऱ्या दुचाकीचा आहे की रस्त्याकडेच्या खुणेचा, हे ओळखायला वेळ लागतो.

बॅटरी स्थिर दिव्यावर पाच-साडेपाच तास टिकते, दिवसाच्या लुकलुकण्यावर त्याच्या दुपटीहून जास्त. माझ्या वापरात दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी चार्जिंग करावे लागते. बॅटरी संपत आली की डिस्प्लेवर सूचना येते, ती सहज चुकते. दिवा वाटेत विझला तर डिस्प्लेवरचा संपर्क तुटल्याची खूण दिसते, पण दिवा स्वतः पाठीमागे असल्यामुळे नजरेला पडत नाही. म्हणून मी कॅरिअरला एक साधा, छोटा दिवा कायम ठेवतो.

बसवताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. दिवा उभा आणि थेट मागे पाहणारा असला पाहिजे; सीटचा दांडा फार कलता असेल तर मधे पाचर लागते, आणि ती खोक्यात येते. सीटखालची पिशवी किंवा कॅरिअरवरची बॅग त्याच्या आड येता कामा नये. पहिल्या आठवड्यात माझ्या बॅगचा लोंबता पट्टा आड येत होता आणि ठिपके मधेच गायब होत होते. सैलसर लांब कोट घातला तरी तेच होते.

तक्रारीची एक बाब नोंदवली पाहिजे. चार्जिंगच्या तोंडावरचे रबरी झाकण सहाव्या महिन्यात एका बाजूने सैल झाले. जोराच्या पावसात पाणी आत जाईल या भीतीने मी विक्रेत्याकडे गेलो, तर झाकण सुटे मिळत नाही, पूर्ण यंत्र बदलावे लागेल, असे उत्तर मिळाले. हमीच्या मुदतीत असल्यामुळे बदलून देण्याची तयारी त्यांनी दाखवली, पण त्यासाठी यंत्र सहा आठवडे त्यांच्याकडे ठेवावे लागले. बोटाच्या पेराएवढ्या रबराच्या तुकड्यासाठी सगळे यंत्र टाकून द्यावे लागणे मला अजिबात पटत नाही. जी वस्तू पावसात, चिखलात, धक्के खात रोज वापरायची आहे, तिचे झिजणारे भाग सुटे मिळायलाच हवेत.

त्या सहा आठवड्यांत मी हँडलच्या टोकाला बसणारा छोटा गोल आरसा वापरला आणि ही तुलना अनपेक्षितपणे उपयोगी ठरली. आरशाची किंमत या यंत्राच्या पुढे नगण्य. खडबडीत रस्त्यावर तो थरथरतो, त्यातली मोटार प्रत्यक्षापेक्षा दूर वाटते आणि अंधारात केवळ हेडलाइटचा झोत दिसतो. पण गर्दीच्या भागात तो रडारपेक्षा सरस आहे, कारण माझ्याच वेगाने मागून येणारी ती निळी मोटार आरशात दिसली असती. वाहन बाजूने किती जागा सोडून येते आहे, तेही आरशात दिसते. बदललेले यंत्र परत आल्यावर मी आरसा काढला नाही. आता मोकळ्या रस्त्यावर रडार आणि गर्दीत आरसा अशी माझी वाटणी आहे, आणि दिशा बदलण्यापूर्वी मान वळवणे दोन्हीकडे.

या शेवटच्या सवयीबद्दल सावध करणे मला आवश्यक वाटते. यंत्र घेतल्यानंतर तिसऱ्या महिन्यात माझ्या लक्षात आले की मी मोकळ्या रस्त्यावर मागे पाहणे जवळपास सोडून दिले आहे. हिरवी पट्टी पाहायची आणि सरकायचे, असा क्रम हाडीमासी खिळू लागला होता. निळ्या मोटारीच्या प्रसंगी मान वळली ती जुन्या सवयीचा अवशेष म्हणून. आणखी सहा महिन्यांनी वळली असती का, हे सांगता येत नाही. तेव्हापासून मी नियम केला आहे की डिस्प्ले काहीही सांगो, हँडल वळवण्याआधी डोके वळेल. नव्याने सायकल चालवू लागलेल्या माणसाला म्हणूनच मी हे यंत्र लगेच घ्यायला सुचवणार नाही. सायकल न डगमगता मागे पाहणे, हात दाखवणे, रेषा धरणे या गोष्टी अंगवळणी पडल्यावरच ते घ्यावे.

ज्यांचा रोजचा रस्ता बराचसा रुंद आणि वेगवान वाहतुकीचा आहे, ज्यांना एका कानाने कमी ऐकू येते किंवा मान वळवताना त्रास होतो, त्यांनी हे यंत्र जरूर घ्यावे. त्यांच्यासाठी ते पैशांचे पुरेपूर मोल देते. ज्यांचा सारा प्रवास सिग्नल ते सिग्नल आणि अरुंद गल्ल्यांतून होतो, त्यांनी चांगला स्थिर दिवा, घोट्याचे पट्टे आणि आरसा यांवर खर्च करावा, तरीही बरीच रक्कम हातात उरेल.

माझ्या बहिणीने गेल्या महिन्यात नोकरी बदलली आणि तिचा रस्ता आता शहराबाहेरच्या वळणमार्गावरून जातो. ते यंत्र आता मी तिला देतो आहे. देण्यापूर्वी डिस्प्लेच्या खालच्या कडेला मी पांढरी चिकटपट्टी लावली आणि त्यावर शाईने ‘मागे बघ’ असे लिहून दिले.